क्रॉसचे कूळ

जबलपूरला बडा फुहारा चौकात उभे राहून जुन्या गाडीचा सुटा भाग कुठे मिळेल असे विचारले, की हात गुरंदीकडे जातो. फुहारा म्हणजे आपले कारंजे. त्याच्याभोवती साड्या, भांडी, सराफा यांची गर्दी. थोडे चालून गुरंदी बाजारात शिरले की सोन्याचा पिवळा रंग संपतो आणि ग्रीसचा काळा सुरू होतो. माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, मला तिथे घेऊन गेला तो एका क्रॉससाठी.

"काए भैया, पुराना लाए हो?" दुकानदाराने मानही वर केली नाही.

दादाने फडक्यात गुंडाळलेला तुकडा पुढे केला. बेरजेच्या चिन्हासारखा, मूठभर, पोलादी. चारही टोकांना टोपणासारखे कप, आणि कपाच्या आत कडेने उभी केलेली बारीक सुयांची रांग. दुकानदाराने एक कप काढला, दांडीवरून नख फिरवले. सुया जिथे जिथे टेकत होत्या तिथे तिथे पन्हळी पडल्या होत्या. मग व्हर्नियर लावून त्याने कपाचा व्यास आणि समोरासमोरच्या कपांमधले अंतर मोजले. गाडी कोणती हे त्याने त्यानंतर विचारले. क्रॉसची ओळख मापावरून पटते, गाडीवरून नंतर.

या तुकड्याची नावे त्याच्या दांड्यांइतकीच आहेत. गॅरेजात तो क्रॉस, आणि क्रॉससकट पूर्ण सांधा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. इंग्रज त्याला हूकचा सांधा म्हणतात, तर युरोपात तो कार्डन. इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या ज्या लांब नळीला तो जोडलेला असतो तिला आपण प्रोपेलर शाफ्ट म्हणतो. हे नाव जहाजाच्या पंख्याच्या दांड्याचे; गाडी रस्त्यावर धावू लागली तरी ते सुटले नाही.

कार्डन म्हणजे जेरोलामो कार्डानो, सोळाव्या शतकातला इटालियन वैद्य आणि गणिती. एकात एक फिरणाऱ्या कड्यांच्या टांगणीचे वर्णन त्याने केले. भांडे कसेही कलले तरी आतले तेल सांडू न देणारी ही युक्ती मात्र त्याच्याही फार आधीची. फिरणारा दांडा वाकड्या कोनात पुढे नेण्यासाठी सांधा वापरला तो इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने, आणि 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नाव त्याने १६७६ साली छापले. गंमत अशी, की गाडी त्याच्या स्वप्नातही नव्हती. त्याच्यापुढे होते सूर्यघड्याळ.

या सांध्यात एक खोड आहे. दोन दांडे कोनात असतील, तर पहिला कितीही एकसारखा फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा रेंगाळतो. वीस अंशांच्या कोनात हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे ६ टक्के. सपाट सूर्यघड्याळावरची सावलीही अशीच सरकते, कधी भराभर, कधी सावकाश. सांध्याचे गणित आणि सावलीचे गणित एकच आहे हे हूकने ओळखले. गाडीत जी खोड ठरते, ती त्याच्या कामाला गुण म्हणून आली.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटारींत ताकद मागच्या चाकांपर्यंत साखळीने किंवा पट्ट्याने जाई. साखळी धूळ खाई, सैल पडे, खडखडे. १८९८ साली लुई रेनोने आपल्या छोट्या गाडीत साखळी काढून शाफ्ट बसवला, आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी पॅरिसमधल्या मोंमार्त्रचा चढ चढून डझनभर गाड्यांची मागणी मिळवली असे सांगतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने नीट झाकलेल्या, ग्रीस धरून ठेवणाऱ्या सांध्याचे पेटंट १९०३ मध्ये मिळवले आणि १९०४ पासून ते विकायला सुरुवात केली. त्याची कंपनी पुढे डाना झाली. आपल्याकडे अनेक ट्रकांखालच्या शाफ्टवर आजही स्पायसर हे नाव वाचायला मिळते.

जबलपुरात या कुळाची शाखा तोफेच्या वाटेने आली. इथला गन कॅरेज कारखाना १९०४ चा, म्हणजे स्पायसरच्या धंद्याच्याच वयाचा. वाहन कारखाना निघाला १९६९ मध्ये. तिथे निसान पॅट्रोल या गाडीच्या साच्यावर लष्करासाठी जी गाडी बनली तिचे नावच गावाचे आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून जोंगा. सहा सिलिंडर, ३,९५६ सीसीचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना ताकद. म्हणून पोटाखाली दोन शाफ्ट, एक पुढे, एक मागे. १९९९ पर्यंत ती बनत होती. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जोंगा हौशी लोकांनी घेतल्या, आणि पेट्रोलची तहान परवडेना तेव्हा त्यांत डिझेल इंजिने बसवली. इंजिन बदलले की गिअरबॉक्स पुढेमागे होतो, जुना शाफ्ट तोकडा किंवा लांब पडतो. मग नळी कापायची, लेथवर सरळ धरून वेल्डिंग करायचे, तोल साधून घ्यायचा.

दादाच्या जोंगालाही डिझेल इंजिन आहे. त्याला मात्र आणखी पुढे जायचे होते: हलका शाफ्ट घातला तर गाडी चपळ होईल. परदेशात ॲल्युमिनियमचे, कार्बन फायबरचे शाफ्ट मिळतात हे खरे. पण हिशेब पाहा. नळीची कड आसापासून चार सेंटिमीटरवर, टायरचे वजन बत्तीसवर. शाफ्ट चाकाच्या चौपट वेगाने फिरतो हे धरले, तरी फिरवण्याच्या कष्टापुरते शाफ्टातला किलोभर कमी करणे म्हणजे टायरातला पावकिलो कमी करणे. जोंगाच्या देहाला ते जाणवणार नाही. उलट तोल बिघडला तर जाणवतो: ताशी ऐंशीला शाफ्ट मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेतो, आणि कडेवरचे वीस ग्रॅम जास्तीचे वजन तेव्हा पाच किलोहून जास्त जोराने ओढते. नळीला चिकटवलेल्या पत्र्याच्या चकत्या गंज समजून खरवडू नयेत, त्या याचसाठी असतात.

रविवारी अंगणात काम निघाले. चारही चाकांना दगड लावले, कारण ज्या जीपजातीच्या गाड्यांचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टच्याच वाटेवर असतो, तिथे शाफ्ट उतरवला की हँडब्रेकही गेला आणि गिअरही. बोल्ट काढले, शाफ्ट सरकत्या जोडातून ओढून घेतला, वाइसमध्ये दाबून नवा क्रॉस बसवला. कपातली एक सुई आडवी पडली होती, कप बसेना. दादा हातोडा उचलणार तोच मी थांबवले. कप उघडून, ग्रीसने सुई चिकटवून, पुन्हा दाबला. बसला.

संध्याकाळी गाडी काढली, तर पंचेचाळीसच्या पुढे आरशात मागचा रस्ता नुसता थरथरत होता. दादा नव्या क्रॉसला शिव्या देऊ लागला.

क्रॉसचा दोष नव्हता. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधा असतो; एक सांधा जे रेंगाळतो ते दुसऱ्याने भरून काढायचे असते. त्यासाठी दोघांचे कोन सारखे हवेत आणि नळीच्या दोन टोकांचे, क्रॉसला धरणारे चिमटे एका रेषेत. आम्ही उतरवताना खूण केली नव्हती. सरकता जोड परत घालताना खाचा चुकल्या, चिमटे तिरके बसले, आणि खोड पुरती फिटलीच नाही. हूकच्या सूर्यघड्याळाला एक सांधा पुरला. गाडीला जोडी लागते, तीही पावलाला पाऊल जुळलेली.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट पुन्हा काढला. चिमटे डोळ्यांनी जुळवले, सरकता जोड त्याप्रमाणे घातला, आणि दोन्ही भागांवरून पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली. हलक्या शाफ्टचा विषय दादाने काढला नाही. नेपियर टाउनच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी साठपर्यंत नेली. आरशात मागच्या स्कूटरचा नंबर नीट वाचता येत होता.