मदत येईपर्यंत

दोन हजारच्या दशकात ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या स्टेशनांजवळच्या सायबर कॅफेंत कॉलेजच्या पोरांची गर्दी ईमेलसाठी कमी आणि ‘काउंटर-स्ट्राइक’साठी जास्त असे. एकीकडे पाच, दुसरीकडे पाच. हल्लेखोरांनी दोनपैकी एका जागी बॉम्ब लावायचा, समोरच्या पाचांनी तो लावू द्यायचा नाही. २००१ साली आलेला ‘डस्ट टू’ हा नकाशा तर पोरांना आपल्या गल्लीइतका पाठ होता. हल्ला कुठून येणार हे बचाव करणाऱ्यांना आधी कळत नाही, म्हणून ते विभागून उभे राहतात. ज्याच्यावर धाड पडते त्याने एकट्याने जिंकावे अशी कुणाची अपेक्षा नसते. त्याने थोडा वेळ तग धरायचा आणि ओरडून सांगायचे. बाकीचे धावत येतात. याला पोरे ‘रोटेट मारणे’ म्हणतात. पुढे २०१८ मध्ये पबजी आला, त्यावर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये बीजीएमआय आला आणि खेळ कॅफेतून लोकलच्या डब्यात शिरला. हिशेब मात्र तोच राहिला.

हाच हिशेब अठराव्या शतकात याच खाडीच्या काठी खऱ्या तोफांनी मांडला गेला होता.

नकाशा समोर धरला तर गोष्ट लगेच ध्यानात येते. उल्हास नदी कल्याणवरून येते, ठाण्याच्या उत्तरेला वळते आणि घोडबंदरवरून वसईपाशी समुद्राला मिळते. दुसरी खाडी ठाण्यापासून दक्षिणेला मुंबई बंदराकडे जाते. या दोन पाण्यांच्या आत साष्टीचे बेट आणि बेटाच्या पूर्व दारात ठाणे. बेट तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात आणि त्यांचे सारे बळ वसईला. म्हणजे ठाण्यावर संकट आले तर मदत वसईहून खाडीतूनच यायची, आणि तिच्या वाटेवर घोडबंदर. ‘डस्ट टू’ खेळलेला कोणीही पोरगा सांगेल की पहिला घाला कुठे घालायचा.

चिमाजी अप्पांच्या फौजेने १७३७ च्या वसंतात नेमके तेच केले. पोर्तुगीजांच्या धार्मिक जुलमाला कंटाळून भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक पेशव्यांकडे गेले होते. त्यांच्यासारख्या स्थानिकांना खाडीची भरती-ओहोटी, उतार आणि बंदरे तळहातासारखी माहीत होती. मराठ्यांनी घोडबंदर घेतले, तिथली शिबंदी कापून काढली आणि वसईहून येणाऱ्या मदतीची वाट तोडली. ठाण्याचा किल्ला तेव्हा अर्धवटच उभा होता. १७३० च्या सुमारास सुरू झालेले काम संपलेले नव्हते. तरी आतल्या शिबंदीने दोन हल्ले परतवले, हे त्यांच्या पदरात टाकायला हवे. मुंबईच्या इंग्रजांनीही थोडी माणसे पाठवली. पण साष्टीचा पोर्तुगीज अधिकारी स्वतः करंजाकडे, म्हणजे आजच्या उरणच्या बाजूला निघून गेला. नायकच जागा सोडून गेला, नव्या मदतीची आशा उरली नाही, आणि ठाणे पडले. वसई पडायला आणखी दोन वर्षे लागली. तिथे भिंती पक्क्या होत्या आणि समुद्राची बाजू उघडी होती.

दोन वर्षांच्या आतच बाजू बदलल्या. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनानी पेद्रो द मेलो आरमार घेऊन ठाणे परत घ्यायला आला. आता बचाव मराठ्यांचा. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना या चढाईची खबर आधीच पोचवली होती, त्यामुळे अचानक गाठण्याचा डाव मोडला. मेलो तोफेच्या गोळ्याने मारला गेला आणि आरमार परत फिरले. इंग्रजांची ही मैत्री अर्थातच निःस्वार्थी नव्हती. साष्टीवर त्यांचा स्वतःचा डोळा होता, हे पुढे छत्तीस वर्षांनी उघड झाले.

डिसेंबर १७७४. पुण्यात नारायणरावांच्या खुनानंतरचा गोंधळ चालू होता आणि पोर्तुगीज साष्टी परत घेणार अशी बातमी मुंबईत होती. त्यांच्या आधी आपणच ठाणे गाठावे असे ईस्ट इंडिया कंपनीने ठरवले. सेनानी गॉर्डन जमिनीवरून, कमोडोर वॉटसन पाण्यावरून. तोफांनी तटाला खिंडार पडले. २७ डिसेंबरच्या रात्री खंदक बुजवायला आलेल्या तुकडीला मराठ्यांनी इतका जबर मार दिला की शंभरेक गोरे शिपाई कामी आले. वॉटसनही या मोहिमेत प्राणघातक जखमी झाला. पण खाडीत इंग्रजी गलबते होती, बाहेरून कुमक येण्याची वाट बंद होती. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हल्ला झाला आणि किल्ला पडला. आतली बहुतेक माणसे तलवारीखाली गेली. तो किल्ला म्हणजे आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह. त्याच्या तटाला लागून रोज रिक्षा धावतात आणि फार थोड्यांना ही रात्र माहीत असते.

याच्या अगदी उलट प्रसंग सहा वर्षांनी कल्याणला घडला. मे १७८० मध्ये कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेलने शहर घेतले होते. ते सोडवायला नाना फडणविसांनी मोठी फौज धाडली. शहर खाली करा, नाहीतर हाती लागलेले इंग्रज कैदी मारू, असा निरोप गेला. कॅम्पबेलने तो धुडकावला. निकराचा हल्ला २५ मेला व्हायचा होता. आदल्या रात्री हार्टली नावाचा अधिकारी कुमक घेऊन पोचला आणि मराठ्यांच्या झोपलेल्या तळावर तुटून पडला. एक रात्र उशीर झाला असता तर कल्याणचा निकाल वेगळा लागला असता.

मराठ्यांनी याची परतफेड मलंगगडावर केली. ऑगस्टमध्ये कॅप्टन ॲबिंग्टनने खालचा भाग अचानक घेतला. वरच्या बालेकिल्ल्यावर जायला कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, तिथे मूठभर माणसे वाट रोखू शकतात. शिबंदी वर सरकली आणि हलली नाही. मग खालून मराठ्यांची फौज आली आणि वेढा घालायला आलेला ॲबिंग्टनच वेढला गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हार्टलीने येऊन त्याची सुटका केली; बालेकिल्ला मात्र इंग्रजांच्या हाती लागला नाही.

या सगळ्यांत बचावाचा सर्वांत घोटीव डाव दुगाडचा. डिसेंबर १७८० मध्ये इंग्रज सेनानी गोडार्ड वसईला वेढा घालून बसला होता आणि पूर्वेकडून येणाऱ्या मराठ्यांना अडवून धरणे हे हार्टलीचे काम होते. तो टिटवाळ्याच्या बाजूने मागे सरत वज्रेश्वरीजवळच्या दुगाडला आला. समोर मराठ्यांचे रामचंद्र गणेश कानडे, हार्टलीच्या कितीतरी पट फौजेनिशी. दोन दिवस मराठ्यांनी पुढून-मागून मारा केला आणि इंग्रजांची माणसे पडत राहिली. हार्टलीच्या दोन्ही बगलांना उंचवटे होते. तिसरा हल्ला तिथेच येणार हे त्याने ताडले. रात्रीतून त्या उंचवट्यांवर आडोसे उभारले, तोफा चढवल्या.

१२ डिसेंबरची पहाट दाट धुक्याची होती. धुक्याच्या आडून रामचंद्र गणेश निवडक माणसे घेऊन पुढे सरकले. आजच्या खेळात स्मोक ग्रेनेड फेकून करतात तेच, फक्त हे धुके कुणाच्या हुकमातले नव्हते. ते अचानक विरले. समोर कालपर्यंत नसलेले आडोसे आणि तोफांची तोंडे. रामचंद्र गणेश जागीच पडले, त्यांचा पोर्तुगीज अधिकारी नरोन्हा जखमी झाला आणि फौज मागे हटली.

गंमत अशी, की वसई आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, गोडार्डच्या स्वाधीन झाली होती. ज्यासाठी वाट अडवायची तो वेळ हार्टलीने आधीच मिळवून दिला होता.

१७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली, कल्याणही मिळाले. साष्टी मात्र ठाण्याच्या किल्ल्यासकट कंपनीकडेच राहिली.