दूरस्थ आहार समुपदेशन

फोन, व्हिडिओ कॉल, ध्वनिसंदेश किंवा एसएमएसवरून दिलेला आहारसल्ला आणि त्यानंतरचा पाठपुरावा. माहिती पोहोचवणे हे यातले सोपे काम. खरी परीक्षा सवय बदलण्यात आहे.

भारतातला ठळक पुरावा मधुमेहाच्या प्रतिबंधाचा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना आहार-व्यायामाचे एसएमएस नियमित पाठवले गेले. दोन वर्षांत त्यांच्यातील १८ टक्क्यांना मधुमेह झाला, तर संदेश न मिळालेल्यांत हे प्रमाण २७ टक्के होते. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबईत 'अरमान' या संस्थेची 'एममित्र' सेवा गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणींना त्यांच्या भाषेत, त्यांनी निवडलेल्या वेळी ध्वनिसंदेश पाठवते. वस्त्यांमधील सुमारे २,००० स्त्रियांच्या अभ्यासात बाळाला वेळेवर वरचे अन्न सुरू करण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. मात्र गटांची विभागणी पूर्णपणे यादृच्छिक नव्हती. याच धर्तीवरच्या सरकारी 'किलकारी' सेवेची मध्य प्रदेशात चाचणी झाली, तेव्हा निव्वळ स्तनपानात फरक पडला नाही. एकतर्फी संदेशाची मर्यादा इथे कळते. बाईला शंका विचारता आली पाहिजे.

भाईंदर आणि वसईच्या मधल्या नायगावसारख्या उपनगरात दूरस्थ समुपदेशनाचा मोठा फायदा वेळेचा आहे. सकाळच्या लोकलने मुंबईला जाणाऱ्याला आहारतज्ज्ञाच्या भेटीसाठी रजा टाकावी लागत नाही. पण सल्ला इथल्या ताटाला धरून हवा. तांदळाची भाकरी आणि मासळी जेवणाऱ्या घरात ओट्सचा तक्ता फार दिवस टिकत नाही. रक्तदाब असलेल्याला नुसते 'मीठ कमी करा' सांगून भागत नाही. खारवलेल्या मासळीबद्दल वेगळे विचारावेच लागते. मापाचाही घोळ होतो. 'एक वाटी भात' म्हणताना कुणाच्या डोळ्यासमोर आमटीची वाटी असते, तर कुणाच्या मोठा वाडगा. म्हणून पहिल्याच व्हिडिओ कॉलवर घरातली वाटी कॅमेऱ्यासमोर धरायला सांगणे उत्तम.

ताटात घालायलाच काही नसेल तर कोणताही कॉल कुपोषण हटवू शकत नाही. तिथे आधी अंगणवाडीचा आहार आणि शिधा पोहोचला पाहिजे. इन्सुलिन घेणाऱ्याने जेवणाचे प्रमाण बदलले की औषधाची मात्राही पुन्हा पाहावी लागते आणि ती ठरवणे डॉक्टरचे काम आहे, आहारतज्ज्ञाचे नव्हे.