बॅटरीवाला मोबाईल

आमच्या माळवदाच्या घरात, देवळीत एक जुना मोबाईल अजून ठेवलेला आहे. नोकियाचा अकराशे. आमच्याकडं त्याला कुणी नंबरानं ओळखत नव्हतं, 'बॅटरीवाला मोबाईल' म्हणत.

देशात मोबाईलवरचं पहिलं बोलणं 31 जुलै 1995 ला झालं. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, मग कुणबी माणूस कशाला त्या वाटेला जातो? 2003 मध्ये येणारा फोन फुकट झाला, अन् त्याच साली हा अकराशे निघाला. पुढं जगात तो 25 कोटींच्या आसपास खपला म्हणतात. का खपला, ते शेतकऱ्याला विचारा. बटणांवर एकसंध रबर, त्यामुळं धूळ आत जात नव्हती. चार्जिंग दोन-तीन दिवस पुरायचं, अन् आमच्याकडं तर लाईट कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. नावं पन्नास बसायची. आमचे सगळे सोयरे त्यात मावले. पोरं सापाचा खेळ खेळायची. पण खरं काम बॅटरीचं. रातच्याला थ्री फेज लाईट यायची अन् दारं धरायला जावं लागायचं. खेळातला साप पोरांना, बांधावरचा आम्हाला. 'सी'चं बटण दाबून धरलं की पुढं उजेड.

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ ऊसतोडीला सांगलीकडं होता. तार केली. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर गेलेली. तार त्याला घावली तिसऱ्या दिवशी. तो आला तेव्हा आईची माती होऊन गेली होती. ओसरीवर बसला अन् कुणाशीच बोलला नाही. ते माझ्या जिवाला लागून राहिलं.

म्हणून 2006 ला कापूस विकल्यावर मी हा मोबाईल घेतला. मुकादमाकडंही एक होता. आमचं ठरलं होतं : एक मिस कॉल म्हणजे सगळं बरं आहे, दोन म्हणजे लगोलग फोन कर. पैसा कुणाचाच जात नव्हता.

कपिलधार डोंगराच्या कुशीत. धबधब्याकडं खाली उतरलं की रेंज गायब. मन्मथस्वामींच्या कार्तिकी यात्रेत हरवलेली माणसं शोधायलासुद्धा लोक मोबाईल घेऊन वर चढायचे. त्या साली यात्रा उरकली, टोळ्या गेल्या अन् दादा अंथरुणाला खिळले. एका रात्री त्यांचा श्वास अडकायला लागला. मी बॅटरी लावून माळावर चढलो अन् दोन मिस कॉल दिले. भावाचा फोन आला.

"दादा कसे हायेत?"

"निघ," एवढंच म्हणालो.

उसाची ट्रक, मग एसटी, असं करत तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. दादांनी त्याचा हात धरला. कोयत्यानं घट्टे पडलेला तो हात त्यांनी दोन-तीनदा चाचपून बघितला. संध्याकाळी ते गेले. मातीला आम्ही दोघंही होतो.

15 जुलै 2013 ला सरकारनं तार बंद केली. पेपरात वाचलं, पण वाईट वाटलं नाही. आता नातवाच्या हातात मोठा मोबाईल आहे. तो म्हणतो, "आजोबा, हे डबडं भंगारात द्या." मी त्याला काय सांगू? तसाच पुसून परत देवळीत ठेवतो.