ऑटोक्रॉस

ऑटोक्रॉस हा मोटारक्रीडेचा एक प्रकार आहे. मोकळ्या मैदानावर शंकूंनी आखलेला वळणावळणाचा मार्ग मोटारीने कमीत कमी वेळात आणि शंकू न पाडता पूर्ण करणे, हे या क्रीडाप्रकाराचे सर्वसाधारण स्वरूप होय. बहुतेक स्पर्धांत एका वेळी एकच मोटार मार्गावर असते. त्यामुळे चालकाची चुरस शेजारच्या मोटारीशी नसून घड्याळाशी असते. नेहमीच्या वापरातील मोटार घेऊनही यात भाग घेता येत असल्याने ऑटोक्रॉस ही मोटारक्रीडेची पहिली पायरी मानली जाते.

स्वरूप

'ऑटोक्रॉस' या संज्ञेचा अर्थ देशपरत्वे बदलतो. अमेरिकेत ही स्पर्धा डांबरी वा काँक्रीटच्या विस्तीर्ण वाहनतळांवर आणि जुन्या धावपट्ट्यांवर होते. ब्रिटनमध्ये ती गवताळ किंवा मातीच्या शेतात भरते. युरोप खंडातील काही देशांत मातीच्या बंद वर्तुळमार्गावर अनेक मोटारी एकत्र धावतात. भारतात बहुधा मातीचे मैदान वापरले जाते आणि वेळ मोजून क्रम लावला जातो.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन व अमेरिकेतील मोटार क्लबांनी हा प्रकार रुजवला. 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या १९४४ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९७३ पासून 'सोलो' या नावाने त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरवण्यास आरंभ केला. भारतात मोटारशर्यती प्रथम विमानांच्या धावपट्ट्यांवर वाढल्या; चेन्नईनजीकचे शोलावरम हे त्यांतील सर्वपरिचित ठिकाण. महाराष्ट्रात १९१९ साली स्थापन झालेली 'वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन' ही वाहनधारकांची जुनी संस्था आहे. मुंबईचे नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये सुरू झालेल्या हिमालयन रॅलीने या क्षेत्राकडे देशाचे लक्ष वेधले. 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया' हा भारतातील मोटारक्रीडेचा नियामक महासंघ १९७१ साली स्थापन झाला. अधिकृत स्पर्धांना त्याची परवानगी लागते.

नियम व गुणांकन

स्पर्धकास ठरावीक संख्येने फेऱ्या मिळतात आणि सामान्यतः त्याची सर्वोत्तम वेळ धरली जाते. पाडलेल्या प्रत्येक शंकूसाठी दंडादाखल सेकंद मिळवले जातात. अमेरिकी नियमांत हा दंड २ सेकंदांचा आहे. म्हणजे ६० सेकंदांत मार्ग संपवून एक शंकू पाडणारा चालक ६२ सेकंदांवर जातो आणि ६१ सेकंदांत स्वच्छ फेरी करणाऱ्याच्या मागे पडतो. आखलेला मार्ग चुकल्यास ती फेरी सहसा बाद होते. इंजिनाच्या घनक्षमतेनुसार मोटारींचे वर्ग पाडले जातात. भारतातील अनेक स्पर्धांत महिलांसाठी स्वतंत्र वर्ग असतो.

नवोदितांची पूर्वतयारी

वैध वाहनपरवाना, आयोजकांनी मागितल्यास महासंघाचा स्पर्धापरवाना, हेल्मेट आणि पूर्ण बंद पादत्राणे या प्राथमिक गरजा होत. स्पर्धेपूर्वी मोटारीची तांत्रिक तपासणी होते. चाकांचे नट घट्ट आहेत का, बॅटरी पक्की बसवली आहे का, ब्रेक ऑइलची पातळी योग्य आहे का, इंजिनातून गळती नाही ना, सीटबेल्ट नीट अडकतो का, हे तीत पाहिले जाते. डिकीतील स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या आदी सर्व सुटे सामान उतरवून ठेवावे लागते, कारण वळणावर घरंगळलेली बाटली ब्रेकच्या पायपट्टीखाली अडकू शकते.

आरंभी मोटारीत फेरबदल करण्यावर खर्च करण्याची आवश्यकता नसते. चांगले टायर, त्यांतील हवेचा योग्य दाब आणि सुस्थितीतील ब्रेक पुरेसे ठरतात. पहिल्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून पडलेले शंकू उभे करण्याचे काम केल्यास इतरांच्या चुका जवळून पाहता येतात.

चालनतंत्र

फेरीपूर्वी मार्ग पायी चालून पाठ करणे हा तयारीचा महत्त्वाचा भाग आहे. टायरची जमिनीवरील पकड मर्यादित असते आणि ती ब्रेक लावणे, वळणे व वेग वाढवणे या क्रियांत वाटली जाते. म्हणून वळणापूर्वी, मोटार सरळ असतानाच ब्रेक लावावा, वळणात बेताच्या वेगाने शिरावे आणि बाहेर पडताना वेग वाढवावा, असे शिकवले जाते. ब्रेक लागताच मोटारीचा भार पुढच्या चाकांवर येतो. पुढची चाके सरकू लागली असता सुकाणू आणखी वळवून उपयोग होत नाही. वेग कमी केल्यावरच पकड परत येते. सैल मातीवर मोटार थांबण्यास अधिक अंतर लागते. नजर समोरच्या शंकूवर न ठेवता पुढील वळणावर ठेवावी लागते. नवोदितांची नेहमीची चूक म्हणजे वळणात अतिवेगाने शिरणे.

कायदा व विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास वा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुनरावृत्ती झाल्यास १ वर्षापर्यंत कारावास वा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भारतातील नेहमीच्या मोटार विमापत्रातून संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. त्यामुळे स्पर्धेत मोटारीचे नुकसान झाल्यास त्याची भरपाई त्या विमापत्रातून मिळत नाही. आयोजकांच्या विम्याचे स्वरूप आधी विचारून घेणे हितावह असते.

कर्जत-खालापूर परिसर

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके मुंबई व पुणे या शहरांच्या मधोमध, बोर घाटाच्या पायथ्याशी आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून जातो. सरळ, रुंद रस्ता आणि घाटातील वळणे यांमुळे वेगाची हौस येथे सहज जागी होते आणि तीच जिवावर बेतते. २०१६ मध्ये या मार्गावर १५१ जणांचा मृत्यू झाला होता. त्याच वर्षी 'सेव्हलाइफ फाउंडेशन' आणि महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ यांच्या सहभागाने 'शून्य मृत्यू मार्ग' हा उपक्रम सुरू झाला. वेगाची हौस सार्वजनिक रस्त्यावरून उचलून निरीक्षकांच्या देखरेखीखालील मैदानावर नेणे, हे ऑटोक्रॉसचे सामाजिक प्रयोजन अशा परिसरात विशेष स्पष्ट होते.

येथील भूमी प्रामुख्याने भातशेतीची आहे. खाचरे सपाट दिसत असली तरी त्यांच्या बांधांमुळे ती मोटारीस अयोग्य असतात. पावसाळ्यात चिखल होतो. म्हणून कापणीनंतरचा कोरडा काळ आणि पक्के, उघडे माळरान अशा स्पर्धेस अधिक सोयीचे. उडणाऱ्या धुळीमुळे पुढचे शंकू दिसेनासे होत असल्याने मैदानावर पाणी शिंपडावे लागते व दोन फेऱ्यांत अंतर ठेवावे लागते. जागामालकाची संमती आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी घेण्याबरोबरच जागा कोठे येते, हेही पाहावे लागते, कारण २००३ मध्ये अधिसूचित झालेल्या माथेरान परिसंस्था-संवेदनशील क्षेत्रात या दोन्ही तालुक्यांचे काही भाग मोडतात.

हे सुद्धा पहा

मोटारक्रीडा
रॅली
बोर घाट
मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग