1865 : कापसाचा भाव आणि बलुतं

मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्यांना 1865 ची मंदी फार आवडते. सट्टेवाले, दलाल, एका दिवसात कफल्लक झालेले शेटजी. वाचायला नाटकासारखं. दोस्तहो, आपण तेच साल गावाकडनं वाचू.

1861 ला अमेरिकेत गुलामगिरीवरनं यादवी पेटली. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, गिऱ्हाईक मुंबईकडं वळलं. काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस बाजारात येईना म्हणून मुंबईत सोनं आलं, एवढं ध्यानात असू द्या. पैसा ठेवायला जागा पुरेना तेव्हा नुसत्या कागदावरच्या कंपन्या निघाल्या. समुद्र बुजवणाऱ्या बॅकबे कंपनीचा 5,000 चा शेअर 50,000 वर गेला. बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण घेऊन कर्ज देत होती, म्हंजे वाऱ्याची मोट बांधत होती. एप्रिल 1865 ला तिकडं दक्षिण शरण आली, इकडं भाव कोसळला. 1 जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायचे होते. पैसा कुणापाशीच नव्हता. बँकेचा 2,850 ला गेलेला शेअर 87 वर आला, 1868 ला बँकच गुंडाळली.

बहुतेक पुस्तकं इथं थांबतात.

तेजीत सावकारानं हात सैल सोडला होता, तो आवळला. सरकारनं 1867 ला इंदापुरापासून साऱ्याची फेरआकारणी काढली. चढे भाव बघून सारा निम्म्यानं वाढवला, काही गावांत त्याहून जास्त. भाव उतरला, सारा उतरला नाही. 12 मे 1875 ला सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या अन् खतं जाळली. लोण नगर जिल्ह्यात गेलं. कमिशन बसलं, 1879 ला कायदा झाला. बरं झालं. पण या खतांत महार कुठं होता?

त्याच्या जमिनीचा तुकडा वतनाचा, वतनाबाहेर जायचा नाही. त्याचं येणं गावाकडं होतं, तेही तोंडी. कुणब्याला साऱ्यासाठी चावडीवर बोलवायचं त्यानं, वसूल तालुक्याला पोचवायचा त्यानं. सारा वाढला तरी पायपीट तीच. खळ्यावरचं धान्य मात्र आधी सरकार अन् सावकार उचलणार, उरलंसुरलं येसकराच्या घोंगडीत. त्याच्यापाशी जाळायला कागद नव्हता आणि कमिशनला दाखवायलाही नव्हता.

मग 1876 चा पाऊस गेला. दुष्काळी कामावर सर रिचर्ड टेंपलनं गड्याला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा ठरवला. एक पौंड म्हंजे अर्धा शेरही भरत नाही. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची! 1877 च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली. सुप्याचा उठाव आम्हाला शाळेत शिकवला. उपाशी माणसांचा हा संप कुणी शिकवला नाही. त्या दुष्काळात हिंदुस्थानात 50 लाखांवर माणसं मेली.

तेजीच्या दिवसांत प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाला दिलेल्या पैशातनं राजाबाई टॉवर उभा राहिला. पुरा झाला 1878 ला, दुष्काळ सरता सरता. तोवर बँकही नव्यानं निघाली होती. बलुत्याऐवजी रोख पैसा द्या, असं बिल बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात मांडलं ते 1928 ला. ते पास झालं नाही. वतन गेलं 1958 च्या कायद्यानं.