शीड, आघाडीचे (डहाणू–तलासरी किनारा)

नौकेच्या मुख्य डोलकाठीच्या पुढे, नाळेच्या बाजूस लावण्यात येणारे लहान व बहुधा त्रिकोणी शीड. मोठ्या शिडाच्या मानाने त्याचे क्षेत्र थोडे असते. तथापि नौकेचे तोंड वाऱ्यापासून फिरविणे आणि सुकाणूवरील ताण हलका करणे ही कामे मुख्यत्वे तेच करते. त्यामुळे जुने शीड फाटल्यावर त्याच्या जागी कोणते घ्यावयाचे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नसतो. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या किनाऱ्यावर, नौकांना यंत्रे बसण्यापूर्वी, या निवडीवर मासेमारी कुटुंबाची हंगामाची कमाई आणि प्रसंगी खलाशांचे प्राणही अवलंबून असत.

डहाणू तालुक्याचा किनारा चिंचणीपासून डहाणू, नरपड, घोलवड, बोर्डीपर्यंत पसरलेला आहे. त्याच्या उत्तरेस झाईच्या बाजूने तलासरी तालुक्याला समुद्राचा अगदी थोडा भाग लाभला आहे. १९६० मध्ये गुजरात व महाराष्ट्र ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि झाईजवळच राज्याची सीमा आली. मांगेला व इतर मच्छीमार समाजांची वस्ती मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस राहिली. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातून पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी करण्यात आला.

या किनाऱ्यावरील शिडांचा आकार मुख्यतः येथील वारे व भरती-ओहोटी यांनी ठरविला. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा व खवळलेला समुद्र यांमुळे नौका वर ओढून ठेवीत; नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होई. हिवाळ्यात पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, सकाळी उशिरा तो पडतो आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो. पहाटे पाठवाऱ्याने बाहेर जावयाचे व दुपारनंतर वारा कडेवर घेऊन परतावयाचे, असा हा सोयीचा दिनक्रम होता. वाऱ्याच्या विरुद्ध वाकडीतिकडी वाटचाल करण्याचा प्रसंग त्यात क्वचितच येई. खरी अडचण दोन वाऱ्यांमधील निवाऱ्याच्या वेळी येई. शिवाय भरतीचा ओघ उत्तरेकडे, खंभातच्या आखाताच्या दिशेने, आणि ओहोटीचा दक्षिणेकडे जोराने वाहतो. उधाणाच्या भरतीत पाण्याच्या पातळीत सु. ५ मी. फरक पडतो आणि ओहोटीला डहाणूच्या खाडीचे मुख फारच उथळ होते. मंद वाऱ्यात नौका रेंगाळली, की भरती निघून जाई व पुढच्या भरतीपर्यंत माशांसह बाहेरच थांबावे लागे. चैत्र-वैशाखात हाच वायव्येचा वारा इतका जोर धरी, की मंद वाऱ्यासाठी घेतलेले मोठे शीड ओझे होऊन बसे.

येथील नौकांचे मुख्य शीड लांब तिरक्या परबाणावर, म्हणजे शिडाच्या वाशावर, ताणलेले असे. ते जवळजवळ त्रिकोणी असले, तरी पुढचा कोपरा छाटलेला असल्याने त्याला एक आखूड चौथी कड येई. डोलकाठी पुढे झुकलेली ठेवीत. लहान होड्यांना हे एकच शीड पुरे होई. मोठे मचवे व मालवाहू गलबते यांच्या नाळेवरून पुढे एक वासा काढून त्यावर आघाडीचे तिकोनी शीड चढवीत. या जातीच्या शिडाचा उगम अरबी समुद्रात झाला व तेथून ते भूमध्य समुद्रात गेले, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. भूमध्य समुद्रात ते इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतच वापरात होते, असे आता पुराव्यांवरून दिसते. हिंदी महासागरात ते केव्हा रूढ झाले, याविषयी मात्र विद्वानांत एकमत नाही.

शब्दांची साक्ष अधिक स्पष्ट आहे. खलाशांच्या हिंदुस्थानी बोलीत पुढच्या शिडाला ‘तिरकट’ व वरच्या शिडाला ‘गावी’ म्हणत. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, वसई हा पट्टा सु. दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता आणि उत्तरेस दमण हे त्यांचे नौकाबांधणीचे केंद्र होते, हे लक्षात घेता या उसनवारीचे नवल वाटत नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पाच्या वसईच्या मोहिमेत डहाणू व तारापूर मराठ्यांच्या हाती आली. मराठी आरमारातील गलबतांचे वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने केले आहे. त्यांच्या मुख्य डोलकाठीवर एकच, पण फार मोठे तिकोनी शीड असे आणि चढविल्यावर त्याचे टोक डोलकाठीच्याही बरेच वर जाई, असे तो सांगतो. मासेमारीच्या नौकेचे शीड याच घराण्यातले होय.

शिडाचे कापड सुती असे. मुंबईतील डोंगरीच्या नावाने ओळखले जाणारे जाडेभरडे कापड शिडांसाठी प्रसिद्ध होते. इंग्रजीतील ‘डंग्री’ हा शब्द त्यावरूनच आला, असे मानतात. सुती कापडाचे महत्त्व युरोपीयांना तसे उशिराच पटले. १८५१ मध्ये इंग्लंडमधील काउझच्या शर्यतीत ‘अमेरिका’ या नौकेने घट्ट विणीच्या सुती शिडांनिशी इंग्रजांच्या तागी (फ्लॅक्सच्या) शिडांच्या नौकांना मागे टाकले, तेव्हा तेथे त्याची चर्चा झाली. अरबी समुद्रावरील नावाड्यांना मात्र सुताखेरीज दुसरे कापड फारसे ठाऊकच नव्हते. सुताचे दोषही होते. ते ओलाव्याने कुजते, भिजल्यावर आटते व वापराने ताणले जाते. म्हणून नवे शीड पहिल्या दिवसापासून जोराच्या वाऱ्यात वापरीत नसत. हलक्या वाऱ्यात ते हळूहळू ताणून घेत. जाळी टिकावीत म्हणून ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. डहाणूच्या पूर्वेकडील जंगलात ऐन व साग दोन्ही होते; साल जाळ्यांना आणि साग नौकांना उपयोगी पडे.

ताणले जाण्याचा हा गुणच आघाडीच्या शिडाच्या निवडीत सर्वांत फसवा ठरतो. मोठे शीड जुने झाले, की त्याचा फुगवटा मागच्या कडेकडे सरकतो. वाऱ्याचा जोर त्यामुळे नौकेच्या मागील भागावर पडतो, तिचे तोंड सतत वाऱ्याकडे वळू पाहते आणि तांडेलाला सुकाणू जोराने धरून ठेवावे लागते. अशा वेळी आघाडीचे शीड लहान पडते, असा समज होतो आणि फाटलेल्याच्या जागी मोठे शीड घेतले जाते. त्याने सुकाणू हलके होते खरे. पण मूळ दोष मोठ्या शिडात राहतोच, आणि वायव्येचा जोरदार झोत आला, की दोन्ही शिडे मिळून नौकेला अधिक कलवितात. त्रिकोणी शिडाची प्रत्येक बाजू एक-दशांशाने वाढविली, तर त्याचे क्षेत्र सु. २१ टक्क्यांनी वाढते. उंचीही वाढत असल्याने नौकेला कलविणारा परिणाम सु. ३३ टक्क्यांनी वाढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरील दाब चौपट होतो. एक हात अधिक कापड घेताना हा हिशोब डोळ्यांआड करणे महागात पडू शकते.

दुसरी चूक मापाची. जुने शीड वाळूवर पसरून त्याच्याच मापाचे नवे बेतणे हा सर्वांत सोपा मार्ग; परंतु वर्षानुवर्षे ताणलेल्या शिडाचे माप हे मूळ शिडाचे माप नसते. तसे बेतलेले नवे कापड पुढे आणखी ताणले जाऊन वाशाबाहेर जाते व त्याची कड फडफडू लागते. म्हणून मापे नौकेवरच घ्यावी लागतात : नाळेवरील वाशाच्या टोकापासून डोलकाठीवरील कप्पीपर्यंतची लांबी, त्यातून ताणाची सूट वजा करून, आणि शिडाच्या मोकळ्या टोकाची दोरी नौकेच्या काठावर नेमकी कोठे बांधली जाते ती जागा. ही जागा चुकली, तर उत्तम कापडाचे शीडही निकामी ठरते. दोरी फार पुढे बांधली गेल्यास खालची कड सैल पडून फुगते व मागची कड अती ताणली जाते. फार मागे बांधल्यास याच्या उलट घडते.

तिसरी गोष्ट कापडाच्या जाडीची. जाड कापड वादळात टिकते, पण सकाळच्या निवाऱ्यात ते स्वतःच्या वजनाने लोंबते आणि वाऱ्याची झुळूक त्यात भरत नाही. पातळ कापड त्या वेळी नौका हलती ठेवते, मात्र वैशाखातील वाऱ्यात त्याची शिवण उसवते. परबाणावरील मोठे शीड चालू वाऱ्यात आखडून लहान करणे अवघड असल्याने अरबी समुद्रावरील मोठी गलबते हलक्या व जोराच्या वाऱ्यांसाठी दोन वेगळी शिडे बाळगीत. लहान मचव्याच्या मालकाला ते परवडण्यासारखे नव्हते. त्याला एकाच शिडात दोन्ही ऋतू भागवावे लागत. मध्यम जाडीचे कापड, आणि क्षेत्र हवे त्याहून किंचित कमी, हीच त्याच्या दृष्टीने सुरक्षित निवड म्हणावी लागेल. हळू परतणाऱ्या नौकेची भरती चुकते, तर अती शीड घेतलेली नौका उलटू शकते. या दोहोंत पहिला तोटा भरून निघणारा आहे.

ही निवड नेहमी मोकळेपणाने करता येत असे, असेही नाही. हंगामाच्या आरंभी कापड, दोर व सूत घेण्यासाठी मच्छीमारांना अनेकदा व्यापाऱ्यांकडून उचल घ्यावी लागे आणि तिची फेड माशांच्या रूपाने होई. उधारीवर जे कापड मिळे तेच घ्यावे लागे. सहकारी संस्था निघाल्यावर हे परावलंबन काही प्रमाणात कमी झाले.

मालवाहू शिडांचा ऱ्हास त्याआधीच सुरू झाला होता. १८६४ मध्ये मुंबई व गुजरात लोहमार्गाने जोडली गेली आणि डहाणूच्या जंगलातील लाकूड हळूहळू रेल्वेने जाऊ लागले. मासेमारीत शीड आणखी सु. नव्वद वर्षे टिकले. १९५० नंतर मुंबई सरकारच्या कर्ज व अनुदानाच्या योजनांतून नौकांना डिझेल यंत्रे बसू लागली. शेजारच्या पालघर तालुक्यातील सातपाटी हे गाव त्यात आघाडीवर होते. याच सुमारास जगात पॉलिएस्टरची शिडे आली. पॉलिएस्टरचा धागा इंग्लंडमध्ये १९४१ मध्ये तयार झाला होता. ती न कुजणारी, न आटणारी व फारच थोडी ताणली जाणारी असल्याने सुती शिडांच्या निवडीतील निम्म्या अडचणी त्यांनी दूर केल्या. परंतु ती प्रामुख्याने शर्यतीच्या व हौशी नौकांच्या वाट्याला आली. येथील मच्छीमाराचा पैसा तोवर यंत्राकडे वळला होता.

यंत्र बसविलेल्या नौकेवर शीड ठेवावयाचे, तर ते यंत्र बंद पडल्यास किनारा गाठण्यापुरते असते, आणि त्यासाठी आघाडीच्या शिडाचे जुने प्रमाण लागू पडत नाही. यंत्र व इंधन यांचे वजन मागील भागात असल्याने नौका मागे खोल बसते व नाळ वर उचलली जाते. अशा नौकेचे तोंड आपणहूनच वाऱ्यापासून दूर वळते. म्हणून तिच्यावरील आघाडीचे शीड त्याच लांबीच्या जुन्या मचव्याच्या शिडाहून लहान घ्यावे लागते, किंवा ते अजिबात न लावता डोलकाठीवरील एकाच शिडावर भागवावे लागते.