हळदीवरचा हुकूम

श्रोतेहो, वधूवरांच्या अंगाला हळद लावावी, बायकांनी ओव्या म्हणाव्यात, यात पाप ते काय, असे आपण बिलोलीकर विचारू. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना या दोन्हींची मनाई केली. उघड हेतू हिंदू वळण मोडण्याचा. पण संत ऑगस्टीनपासून, म्हणजे पाचव्या शतकापासून, कामवासनेवर आदिपापाचा डाग पाहणाऱ्या परंपरेला अंग चोळण्यातले सुखही खटकले असावे, असे मला वाटते. सभाबंदीचे हुकूम मी पुष्कळ वाचले आहेत; हुकूम निघाला म्हणजे समजावे, गोष्ट जोरात चालू आहे. इन्क्विझिशन १८१२ साली उठले. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस चोळून न्हाऊ घालतात. त्याला 'रोस' म्हणतात. बायका तेव्हा गातातही.